खळ्यातला बाहेरचा बैल

म्हसवड, मंगळवार, कार्तिक, १९९५

कराडच्या कॉलेजातलं व्याख्यान ऐकून आलो, पण राग काही उतरत नाही. प्राध्यापक सांगत होते, दीर्घिकेच्या कडेचे तारे गणितापेक्षा जास्त वेगानं फिरतात, म्हणून तिथं न दिसणारं द्रव्य असलंच पाहिजे. मी उठून विचारलं, "द्रव्य कशाला? मळणीत मधल्या खांबाभोवती एका दाव्यात बांधलेल्या बैलांपैकी बाहेरचा बैल पळतो, कारण दावं त्याला सोडत नाही. मधल्या कृष्णविवराची ओढ लांबवर आपण समजतो तितकी सैल होत नसेल तर?"

त्यांनी माझ्या कपाळावरच्या अंगाऱ्याकडे पाहिलं. "देव मानता ना, काका? मग न दिसणारं द्रव्य मानायला काय हरकत?" सगळे हसले.

एसटीत शेजारचा धनाजी म्हणाला, "आवं, सोडा की. काका तरी म्हणाला त्यो."

माझा तर्क चुकीचाही असेल. बैलाला दावं असतं, ताऱ्याला कुठं आहे? एवढं म्हणाले असते तरी मी गप खाली बसलो असतो. पण अंगारा बघून उत्तर द्यायचं? तो बाहेरचा बैल अजून डोक्यात फिरतोच आहे.

आत्ता गावच्या दैवतापुढे, सिद्धनाथापुढे दिवा लावला. गणित अडलं म्हणून त्याला मी कधीच मध्ये उभं केलेलं नाही.