दोन डबे, एक जेवणारा

२ जून, सोमवार

किल्ला पाहिला! एडिंबरा शहराच्या मधोमध मोठा काळा खडक आणि त्यावर हा. आमच्याकडचा नरनाळा किल्ला चढलेल्या माणसाला ही चढण म्हणजे घरचा जिना. पण इथे तिकीट काढून चढतात, आणि वर गेल्यावर चहाही मिळतो.

पोरं सकाळीच कामावर गेली. माझी पल्लवी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, जावई पवन कॉम्प्युटरच्या कंपनीत. निघताना आम्हा दोघा बापांच्या हातात बसचे पास आणि एक पिशवी दिली. पिशवीत दोन डबे. "दोघं मिळून फिरा," पवन म्हणाला.

मिळून! बापूराव आणि मी व्याही होऊन तीन वर्षं झाली. मिळून चहासुद्धा घेतलेला नाही. ते जऊळक्याचे माळी, वांगी-मिरचीचे बागायतदार. आम्ही मेडशीचे बौद्ध. पोरांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं, तेव्हा बापूराव आले नाहीत. आताही आले ते विहीणबाई गिरजाबाईंनी ढकललं म्हणून – "पोराचं तोंड तं पाहून या!" बाईंना स्वतःला विमानाची भीती. आमची वच्छला म्हणाली, "मी आली तं तूर कोन पेरीन?" उरलो आम्ही दोघे.

बसमध्ये बापूराव माझ्या मागच्या बाकावर बसले.

किल्ल्यावर दुपारी एक वाजता तोफ उडते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. धडाम! बापूरावांनी माझा दंड गच्च धरला. मग सोडला आणि हात पँटीला पुसला. घाम आला असेल.

डबे उघडले. ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा. पीठ मीच मेडशीहून आणलेलं. बापूरावांनी आपला डबा माझ्याकडे सरकवला. "मले सोमवार आहे. तुमीच घ्या, मेडशीवाले. अन्न टाकू नये." आणि खिशातून केळं काढलं. खरंच, अन्न टाकू नये. मी दोन्ही डबे खाल्ले.

संध्याकाळी पल्लवीने डबे घासायला घेतले. बापूरावांचा रिकामा डबा हातात धरून उभीच राहिली. "मामाजींनी सगळं खाल्लं?"

तिचा चेहरा असा फुलला की मी भिंतीवरचं घड्याळ पाहू लागलो. बापूरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "हो. पोट लय भरलं. आता नुसतं दूध घेतो."

दूध त्यांनी स्वतःच गरम केलं. भांडं आधी विसळून घेतलं.

३ जून, मंगळवार

एका कुत्र्याचा पुतळा पाहायला गेलो. मालक मेल्यावर हे कुत्रं चौदा वर्षं त्याच्या कबरीपाशी बसून होतं म्हणतात. लोक येतात आणि त्याचं नाक चोळतात – नशीब उघडतं म्हणून. नाक तेवढं झिजून पिवळं झालं आहे, बाकी कुत्रं काळं.

"कुत्र्याले नवस?" बापूराव म्हणाले. "पागल झाले काय लोकं?" मग इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच चोळून आले.

"काय मांगतलं?"

"पानी. जऊळक्याले."

आज मंगळवार, गणपतीचा. डबा माझ्याकडे. भरलं वांगं होतं. चांगलं झालं होतं.

४ जून, बुधवार

बुधवारची मी कालपासून वाट पाहत होतो. आज कोणता देव काढतात पाहू!

दाढ दुखते म्हणे. दिवसभर शेंगदाणे चावत होते.

५ जून, गुरुवार

सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणताना मन एका जागी राहिलं नाही. खोटं बोलणार नाही असं शील घेतो आणि संध्याकाळी पोरीच्या हातात रिकामा डबा देतो. तोंडाने बोलत नाही एवढंच. डब्याने बोलतो.

पण तिचं काय सांगू? आजकाल घरात गुणगुणते. पहाटे उठून आज पुरणपोळ्या केल्या.

शहराला लागूनच एक डोंगर आहे. वर गवत, वारा आणि पळणारी माणसं. इथे लोक कारण नसताना पळतात. पायथ्याशीच डबे उघडले – आज गुरुवार, महाराजांचा – आणि दोघांच्या पुरणपोळ्या पोटात घेऊन मी चढायला लागलो. बापूराव केळ्यावर होते. शेळीसारखे पुढे.

"चाला ना, मेडशीवाले! काहून बसले?"

"तुमी तं मोकळे आहा. तुमचं जेवन घेऊन मीच चढून राह्यलो!"

बापूराव हसले. पहिल्यांदाच. मोठ्याने, कंबरेवर हात ठेवून. मग एकदम थांबले आणि पाठ फिरवून समुद्राकडे पाहत राहिले. वरून सगळं शहर दिसत होतं.

७ जून, शनिवार

काल एकादशी. ती खरी होती, कॅलेंडरात पाहिलं. आज मारुतीचा शनिवार. बापूरावांची गालफडं दिसायला लागली आहेत. माझ्या पँटीचं बटण लागत नाही.

८ जून, रविवार

आज पोरांना सुटी. चौघे मिळून लाल पूल पाहायला गेलो. खाडीवरचा रेल्वेचा पूल, सगळा लोखंडी. तीन उंट ओळीने बसल्यासारखा. बापूरावांचं घर जऊळका स्टेशनाजवळ. त्यांचा पहिला सवाल – "गाडी कवा येते?" आली. त्यांनी दोन्ही हात हलवले. आतून कोणीतरी हलवला म्हणतात. मला दिसला नाही, पण खूष होते, म्हणून मीही म्हटलं, हलवला.

मग गवतावर चादर टाकली. पल्लवीने डबे मांडले.

"घ्या मामाजी."

बापूराव डब्याकडे पाहत राहिले. "आज रविवार. खंडोबाचा."

पवन म्हणाला, "अप्पा, घरी तं तुमी रविवार कधी धरला नाही."

"इथं धरला."

"इथंच कायले धरला?"

मी मध्ये पडलो. "त्यायचं पोट बिघडलं ना कालपासून–"

"काल तं डबा पुरा खाल्ला म्हनत होते!" पवन उठला आणि पुलाकडे चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही. पल्लवीने बापूरावांच्या डब्याचं झाकण परत लावलं. सावकाश, दोन्ही कड्या नीट बसवून.

घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "बाबा, दोन्ही डबे तुमीच खाऊन राह्यले ना?"

मी पँटीचं बटण चाचपलं.

"मामाजी पुरनपोळीले हात लावत नाहीत. लहानपनापासून. पवननं सांगतलं होतं. म्हनून तं केली! डबा कसा चाटूनपुसून आला."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमचं तोंड पाहून. किती कष्टानं खाल्लं असंन तुमी!" हसली. मग हसू गेलं. "आता त्यायचा डबा खायचा नाही. भरला तं भरला वापस येऊ द्या. मले पाहू द्या."

"तुले वाईट वाटंन."

"वाटू द्या. खोट्या रिकाम्या डब्याहून बरं."

पोरीला शिकवलं, चांगलं केलं. जड जातं, पण चांगलं केलं.

९ जून, सोमवार

म्युझियम. फुकट! काचेच्या पेटीत एक मेंढी आहे, पेंढा भरलेली. शास्त्रज्ञांनी बनवलेली. पवनने समजावून सांगितलं होतं – एका मेंढीचं बीज, दुसरीचं अंडं, तिसरीच्या पोटात वाढली. आया तीन, बाप कोणीच नाही. लहान पोरं काचेला नाक लावून उभी.

मला राहवलं नाही. "बापूराव, हिची जात कोनती धराची? पहिलीची, दुसरीची, का जिच्या पोटात वाढली तिची?"

त्यांनी पेटीला एक फेरी मारली. शेपटीकडून पाहिलं. "मेंढीले कायची जात, बुवा?" म्हणाले.

बाहेर बाकावर मी सांगून टाकलं. "आजपासून तुमचा डबा मी खानार नाही. भरलेला घरी जाईन."

"काहून?"

"तिले माईत आहे. सगळंच."

केळं अर्धं सोललेलं तसंच त्यांच्या हातात राहिलं.

संध्याकाळी पल्लवीने भरलेला डबा उघडला. बापूरावांच्या समोरच बसली आणि ती गार भाकर स्वतः खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत. बापूराव दुधाच्या कपात पाहत होते. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

१० जून, मंगळवार

समुद्र पाहिला. थंड आहे. डबा आजही भरलेला, आजही पल्लवीनेच खाल्ला. पवन बापाशी बोलत नाही.

११ जून, बुधवार

पौर्णिमा. सकाळी वंदना केली, अष्टशील घेतलं. म्हणजे आज माझं जेवण बाराच्या आत, नंतर उद्या उजाडेपर्यंत काही नाही. मोठ्या बागेत गेलो. एका कोपऱ्यात भाजीचे वाफे आहेत. बापूराव पिशवी घेऊन त्यांच्यासमोर बसले, मी फुलं पाहून आलो. बारा वाजायला आले होते. घाईने पिशवी उघडली.

त्यांचा डबा रिकामा. माझाही रिकामा!

बापूरावांचं नाक लाल, डोळे वाहत होते. बोटं अजून चाटत होते. "कोनता माहा होता, समजलंच नाही," म्हणाले. "लय तिखट करते हो आपली पोरगी."

बारा वाजून गेले. आज उपास मला.