खिळा मारायची परवानगी नाही

३१ डिसेंबर, कांदिवली

वर्षभरात काढलेले फोटो पाहत बसलोय. बहुतेक आमच्या चारकोपच्या बिल्डिंगचे, पाडायच्या आधीचे. आता नवीन बांधकामही बंद पडलंय आणि सगळे शेजारी भाड्याच्या घरांत पांगलेत.

आज परबकाकूंना त्यांच्या जुन्या दारातला फोटो फ्रेम करून नेऊन दिला. त्यात काका हसतायत. पावसाळ्यात गेले ते. काकूंनी भिंतींवर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "भाड्याच्या घरात खिळो मारूक देनत नाय रे. खंय लावू?"

साधा एक खिळा! 'नव्या घरात लावा' असं म्हणणार होतो, पण कधी होणार ते घर? मग कशाला काढले मी हे एवढे फोटो?

काकूंनी काकांना जुन्या साडीत गुंडाळलं आणि पलंगाखाली सरकवलं.