अकेनेतेची चौथी

बेशियो, तारावा
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय लिनेट,

अकेनेतेला मुलगी झाली. आज सकाळी दवाखान्यातल्या रुता सिस्टरने शाळेत फोन करून सांगितलं, आणि मधल्या सुट्टीत मी जाऊन बघून आले. दोघी सुखरूप आहेत. बाळाला दाट काळं जावळ आहे आणि कपाळावर आठी. अकेनेते म्हणजे आमच्या शाळेत गणित शिकवते ती, माझी शेजारीण. ही तिची चौथी.

तू कशी आहेस? आईचं कंबरेचं दुखणं उतरलं का? नव्या वॉकरला ती अजून 'ट्रॉली'च म्हणते का? तिला सांग, तिने विणलेला स्वेटर मी कपाटात नीट ठेवलाय. इथे तो घालायची वेळ येत नाही, पण अधूनमधून बाहेर काढून वास घेते. बर्नी गावातल्या आपल्या घराचा वास येतो अजून.

इथे वारा फिरलाय. पश्चिमेचा सुटला की कुणाचं लक्ष कशातच लागत नाही. मासेमारीच्या होड्या वर ओढून ठेवल्यात आणि पुरुष नुसते बसून एकमेकांवर खेकसतात. मीही काल शाळा सुटल्यावर पुलापर्यंत चालत गेले, परत आले, चहा ठेवला, तो न पिताच पुन्हा पुलापर्यंत गेले. बेटाला रस्ता एकच, त्यामुळे दुसरीकडे कुठे जाता येत नाही. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, 'कुठे निघालीस?' आणि परतताना पुन्हा तेच.

खलाशांचा नवा वर्ग सुरू झालाय. पोरं जहाजावर जाणार, म्हणून रेडिओवरचं इंग्रजी बोलणं शिकवते. खोलीत मधोमध पडदा लावते आणि पलीकडे एकेकाला बसवते. आज बेनियामिना होता, चांगला दाराएवढा गडी. मी विचारलं, 'तुमच्या जहाजाला मदत हवी आहे का?' उत्तर नाही. पुन्हा विचारलं. शांतता. पडदा सारून बघते तर हा भुवया उंचावून बसलेला. इथे भुवया वर केल्या की 'हो'.

'अरे बाबा, रेडिओवर भुवया ऐकू जातात का?' मी म्हटलं.

मागून कुणीतरी म्हणालं, 'मिस, ह्याचं जहाज बुडालं. हा शेवटपर्यंत हो म्हणत होता.'

वर्ग हसून हसून लोळला. बेनियामिनाही हसला. मग त्याने तोंडाने 'हो' म्हटलं, पण इतकं हळू की पहिल्या बाकावरही ऐकू गेलं नसेल.

मागच्या फोनवर तू डिसेंबरच्या तिकिटाचं विचारलंस आणि मी म्हटलं, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही. लाइन चांगली होती.

लिनेट, इथे एक घोटाळा होऊन बसलाय. बुबूसीबद्दल तुला मी गंमत म्हणून सांगत असते ना? आपल्या माणसाने काही मागितलं की नाही म्हणायचं नाही. माझी सायकल अशीच गेली, तू पाठवलेला तवाही गेला. आणि माझं छप्पर उडालं तेव्हा अकेनेतेचा नवरा योतेबा चार भाऊ घेऊन आला, कुणी काही न बोलता नवं घालून गेला. तर एप्रिलमध्ये अकेनेते माझ्याकडे आली, दिवस गेलेत म्हणाली. मी हसत म्हटलं, हे मला दे. थट्टेत. तिने भुवया वर केल्या आणि आम्ही ब्रेडफ्रूट भाजायला घेतलं. इथे मुलं अशीच दिली जातात, बहिणीला, मावशीला, जवळच्या मैत्रिणीला. आणि मागणं बाळ पोटात असतानाच व्हावं लागतं. मुलाला दोन घरं होतात, कुणी लपवत नाही, कुणाला वाईटही वाटत नाही. निदान दाखवत तरी नाहीत.

आज खाटेजवळ गेले तर ती म्हणाली, 'आलीस? बघ, नाक योतेबाचं आहे. तुझं असतं तर त्याने मला घराबाहेर काढलं असतं.'

मी म्हटलं, 'अकेनेते, तेव्हा मी थट्टा केली होती गं.'

'असं?' ती म्हणाली. 'आणि मी इतके महिने सगळ्यांना सांगत फिरले, ही नरेलची म्हणून. आता परत घेऊन गेले तर पोरंटोरंसुद्धा हसतील मला. दूध माझं, रडणं तुझं, असं ठरलंय आपलं.' मग बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, माझ्याकडे न बघता. 'तुला नको असेल तर तसं म्हण. थट्टा म्हणू नकोस.'

तिची सासू, तेरेसिया, पलीकडे चटईवर पंखा हलवत बसली होती. म्हणाली, 'जाऊ दे गं तिला. इंग्रजी शिकवणारी माणसं भरतीच्या ओंडक्यासारखी. आज इथे लागतात, उद्या दुसऱ्या किनाऱ्याला.'

राग यायला हवा होता, पण म्हातारी बरोबर बोलत होती. कोरिया, ओमान, होनिआरा. प्रत्येक ठिकाणी माझी बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची, तूच चिडवायचीस ना. इथली आठ वर्षंही ती भरलेलीच होती. एप्रिलमध्ये मी ती रिकामी केली.

म्हणजे मी तुला वर खोटं लिहिलं. ते खोडत नाही, राहू दे. त्या दिवशी मी हसले नव्हते. चटईवर मांडी घालून, मान खाली घालून मागितलं, मागतात तसं, त्यांच्या भाषेत. थट्टा करायची असती तर इंग्रजीत केली असती. आठ वर्षं इथे राहून बुबूसी काय असते ते मला ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हटलं तर बेनियामिनालाही हसू येईल.

तेरेसियाने मग पंखा खाली ठेवला. 'पोर बेटावर राहील,' ती म्हणाली. 'मोठी होऊन स्वतःच्या पायांनी विमानात चढली तर तो तिचा प्रश्न. तू राहणार का?'

मी भुवया उंचावल्या.

'भुवया आमच्या,' म्हातारी म्हणाली. 'तू तोंडाने सांग.'

तोंड उघडलं, आणि तू डोळ्यांसमोर आलीस. मी कायमची परत येणार म्हणून पिवळ्या रंगात रंगवलेली खोली, पहाटे आईला उठवणारी तू, 'डिसेंबरपर्यंत कसंबसं काढते' हे तुझं वाक्य. म्हातारीने पंखा पुन्हा उचलला. म्हणाली, 'उद्या पोरीला घरी आणतोय. संध्याकाळी तुझ्या दारात येईन, तेव्हा विचारीन. एकदाच.'

दत्तकाचं कोर्टातलं काम निराळं, ते रखडेल. हेडमास्तर मला ठेवून घ्यायला तयार आहेत. ह्या सगळ्या पुढच्या गोष्टी. हे पत्र गुरुवारच्या विमानाने जाणाऱ्या बाईंकडे देतेय. तुझ्या हाती पडेपर्यंत माझं उत्तर देऊन झालेलं असेल. तरी म्हातारीच्या आधी तुला सांगायचं होतं, म्हणून आत्ता लिहितेय. मी हो म्हणणार आहे.

डिसेंबरात येते, पण परतीचं तिकीट काढून येते. तेवढे दिवस आईचं सगळं मी बघेन, तू कुठेतरी जाऊन झोप. त्यानंतरचं सगळं तुझ्यावर पडेल, हे मला कळतं. तू चिडशील, आणि तुझं चुकणार नाही. आईला मात्र काही सांगू नकोस. ते मी तिच्यासमोर बसून सांगेन.

उद्या शाळा लवकर सुटते. चटई धुऊन वाळत घातलीय. वारा असाच राहिला तर संध्याकाळपर्यंत वाळेल, आणि म्हातारी येईल.

पिवळी खोली तुझ्याकडेच सोडणारी,
नरेल