मागचा डावा पाय

प्रिय मोठेबाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही दुकानाच्या दाराशी स्टुलावर आणि मी आत पान्हे पुसत. जे काय बोलायचं ते तिथंच बोलून व्हायचं. आज लिहिते आहे, कारण धाड गावाजवळच्या लीलाकाकूंचा तण काढायचा पॉवर विडर आज आपल्या दुकानातून परत गेला. तुम्ही गेल्यानंतर बाहेर पडलेलं हे पहिलं मशीन. ते परत का आलं होतं, हे तुम्हाला सांगायला हवं. त्यात माझी चूक आहे, आणि थोडी तुमचीही.

चार महिने मी एकही मशीन सोडलं नव्हतं. तीन विडर तयार उभे होते. इंजिनं बसवलेली, बोल्ट आवळलेले, पट्टे सरळ. मालकांचे फोन यायचे आणि मी म्हणायचे, "दोन दिवस थांबा." बाबा म्हणाले, "अवं, माझे दादा गेले, तुझे हात नाही गेले." त्यांना कसं सांगणार की बसवायचं काम माझं असलं तरी ते बरोबर बसलं की नाही, हे तुम्ही ठरवत होता? निदान मी तसं समजत होते.

मी आठवीत होते तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा समोर बसवून सांगितलं होतं, "इंजिनाले चार पाय असतात. खाटीचा एक पाय आखूड असला तं खाट डुगडुगते, दिसते. इंजिनाचं तसं नाही. तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी राह्यते, अन् बोल्ट त्याले दाबून धरते. वरून सारं बरोबर दिसते." मग तुम्ही एक बोल्ट ढिला केला आणि तो पाय कागदाएवढा वर उचलला गेला. मी किती वेळ त्या फटीकडे बघत बसले होते! तुम्ही पातळ पत्र्याचा तुकडा कापून फटीत सरकवला, बोल्ट पुन्हा आवळला, मशीन चालू केलं आणि माझा तळहात चेसिसवर ठेवला.

"डोये बंद कर. सांग, कोणता पाय बोलते?"

नीट न टेकलेला पाय हाताला वेगळा थरथरतो, त्यालाच तुम्ही बोलणं म्हणायचात. शाळेच्या कुठल्याही पेपरला मला एवढा घाम फुटला नाही. पुढची दहा वर्षं प्रत्येक मशीनला हाच प्रश्न. मी म्हणायचे, "पुढचा उजवा," आणि तुम्ही मान हलवून तो बोल्ट सोडायचात. मी म्हणायचे, "कोणताच नाही," आणि मशीन जायचं. मला वाटायचं, उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. चुकलं तर तुम्ही सांगालच.

पंधरा दिवसांपूर्वी मोठीआई तुमचे शर्ट घडी करून गाठोड्यात बांधत होती. मी सहज म्हटलं, "मोठेबाबा शेवटी शेवटी बोल्टाचे वायसर फार पाडायचे गं. मलाच वाकायला लावायचे."

ती म्हणाली, "पाडतीन नाही तं काय? बोटाले काही लागतच नव्हतं त्याईच्या. पाच वर्सं झाली. बटनंही मीच लावून द्याची. तुले माहीत नव्हतं का वं?"

नव्हतं, मोठेबाबा. तीस वर्षं थरथरती मशीनं धरून तुमचे हात बधीर झाले होते आणि मला माहीत नव्हतं. शेवटची पाच वर्षं तुम्ही परीक्षा घेत नव्हता. तुम्ही खरोखरच विचारत होता.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू भेली असती. हातच ठेवला नसता तू."

खरं आहे. मी भ्यायले असते. पण खोटं बोलले नसते.

हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी लीलाकाकूंच्या जुन्या विडरला आपण दुसरं इंजिन बसवलं. भोकं जुळत नव्हती, म्हणून खाली नवी पट्टी केली. त्या दिवशी माझा बुलढाण्याला पेपर होता आणि एसटी सुटायला दहा मिनिटं होती. मी हात ठेवला. मागचा डावा पाय किंचित बोलत होता. अगदी किंचित. मी म्हटलं, "बरोबर आहे."

तुम्ही विचारलं, "पक्कं?"

"पक्कं," म्हणाले आणि पळाले. मला वाटलं, मी गेल्यावर तुम्ही हात लावून बघालच.

मोठीआईचं बोलणं ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी धाडला गेले. काकू वांग्यांचा ढीग लावून बसल्या होत्या.

"काकू, तुमचं मशीन कसं चालतंय?"

"चालते न. काऊन, वापस न्यायले आली का?"

"हात लावून बघायचा होता."

"हात लावायले चिखलीवरून आली? त्याले काय ताप आला हाय का?" शेजारच्या मिरचीवाल्या बाई हसल्या.

बाजार उठल्यावर मी त्यांच्यासोबत वावरात गेले. मशीन चालू केलं आणि हात टेकवायच्या आधीच मला कळलं. बंद करून मागच्या डाव्या पायाचा बोल्ट सोडला. पाय उचलला गेला. खालच्या पट्टीला वेल्डिंगपाशी तडा गेला होता, बोटभर. आणखी एक हंगाम चाललं असतं तर चालत्या मशीनचं इंजिन एका बाजूला निखळलं असतं. समोर काकू असत्या.

मी विचारलं, "हाताला काही त्रास होतो का?"

"झिणझिण करते. भाकर थापतानी लय. मले वाटलं, मशीनीचं असंच राह्यत असन."

मग मी सगळं सांगितलं. एसटीचं, पेपरचं, खोटं बोलल्याचं. त्या रागावतील म्हणून मान खाली घालून उभी होते. त्यांनी पट्टीच्या तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुह्या मोठ्याबाबानं तवाच सांगतलं होतं मले. म्हणे, मह्या हाताले काही समजत नाही, पण पोरीनं पाह्यलं हाय, घेऊन जा."

मोठेबाबा, गिऱ्हाइकाला सांगितलंत. मोठीआईला माहीत होतं. न सांगायला एकटी मीच सापडले का तुम्हाला? जिच्या हातावर सगळं चाललं होतं, तिलाच ते कळू दिलं नाही. याचा मला राग आहे. तो लवकर जाईल असं वाटत नाही, आणि जावा असंही नाही.

मशीन पिकअपमध्ये घालून दुकानात आणलं. जाड पट्टी कापली, चारी पाय तपासून बसवले, बोल्ट आडवे-तिरपे थोडे थोडे आवळले, इंजिन तापवून पुन्हा आवळले. पायांखालचे रबरही बदलले. आज काकू न्यायला आल्या तेव्हा मी हात ठेवला. डोळे मिटले. चारी पाय गप्प होते.

"पक्कं का?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, "मला पक्कं वाटतंय. तरी आठ दिवसांनी येऊन बोल्ट बघते. आणि हात दवाखान्यात दाखवा, मी सोबत येईन."

"वांगे तोडायच्या दिवशीच ये मंग," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं बसू नको."

दुपारी उभ्या असलेल्या तीन मशीनांवरही हात ठेवला. दोन गप्प आहेत. एकाचा पुढचा उजवा पाय बोलतोय. त्याच्या मालकांना फोन करून उशिराचं खरं कारण सांगितलं.

तुमच्यासारखी मीही रोज थरथरती मशीनं धरते. हातमोजे घालते, मध्ये मध्ये थांबते, तरी एक दिवस माझ्याही बोटांना काही लागेनासं होईल. तेव्हा मी कुणाला तरी जवळ बोलावून म्हणेन, "हात ठेव." पण त्याआधी सांगेन की मला कळत नाहीये, तू सांगशील तेच खरं धरणार आहे. ती घाबरली तर घाबरू देईन. हे वचन तुम्हाला देते.

तुमची,
रेणुका