मंचावरची पांढरी पूड

शेणवा,
मंगळवार

प्रिय मनस्वी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र नेहाच्या हाती देते आहे. ती वसतिगृहात तुझ्याच खोलीत राहते, तेव्हा ते तुझ्यापर्यंत पोहोचेल. वाचायचं की नाही, ते तू ठरव. घरचं सगळं ठीक. भात झोडून झालं. आजीचा गुडघा अजून धरतोच, पण रोज एकदा तरी विचारते, "मनू कवा येनार गो?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

विद्यापीठाचं कलासंकुल उभं राहिलं आणि मला तिथं सफाईचं काम लागलं, तेव्हा तू नववीत होतीस. सोमवारी चित्रांची दालनं बंद असायची. तू शाळेतून परस्पर यायचीस, एकेका चित्रासमोर हात मागे बांधून उभी राहायचीस आणि मग मोठ्या नाट्यगृहात, मी मंच पुसत असताना, रिकाम्या खुर्च्यांसमोर नाचायचीस. ओल्या फळ्यांवर तुझी पावलं उमटायची. मी रागवायचे, पण ती पुसायला माझा हात जड व्हायचा. पुढे तू तिथंच नृत्य शिकायला लागलीस, तेव्हा त्या पहिल्या दिवशी मी माझ्याही गणवेशाला इस्त्री केली होती.

यंदा गणपतीनंतर मंचावर सकाळी पांढरी पूड दिसायला लागली. रोज एकाच जागी, मधोमध. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा त्या पुडीत बोल्टाचा अंगठ्याएवढा नट सापडला. वर पाहिलं तर दिवे टांगायचा लोखंडी बार जिथं छताला धरलाय, तिथं लांबलचक भेग. मी नट नेऊन व्यवस्थापक साहेबांना दाखवला. ते हसले. "वंदनाताई, तुम्ही खाली बघा, वरचं आम्ही बघतो." दोन दिवसांनी भेगेवर रंग मारला. आठवड्यात त्या रंगाचेच पापुद्रे माझ्या केरसुणीत आले.

तुमच्या प्रयोगाच्या दिवशी मी काय केलं, ते तुला माहीत आहे. सगळ्या दारांना कुलपं लावली आणि चाव्या घेऊन आटगावला तुझ्या आत्याकडे जाऊन बसले. तुम्ही मुली घुंगरू बांधून दोन तास पायऱ्यांवर बसलात, पाहुणे परत गेले. शेवटी साहेबांनी कुलपं तोडली, तर आत काहीच पडलेलं नव्हतं. मला कामावरून काढलं, त्याचं एवढं वाटलं नाही. पण मी परत आले तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुला माझं नाचनं बघवत नाय, म्हनून केलंस तू!" तेव्हाही मी भेगेचं बोलले नाही. बोलले असते तर तू साहेबांशी भांडली असतीस, आणि तुझं हे शेवटचं वर्ष आहे. त्यापेक्षा तू माझ्यावर रागावलेली मला चालणार होतं. चुकलंच माझं.

काल सुयोग घरी आला होता, दिवे लावणारा. चहाला हातही लावला नाही. म्हणाला, "मावशी, मी काम सोडलं. शिडी लावून दिवा बदलत होतो, तं अख्खा बार बोटभर खाली आला. साहेब बोलतात, रविवार जाऊ दे, मग बघू." रविवारी तुमचा महोत्सव, आणि पहिलं नृत्य तुझं. आज मी विद्यापीठाच्या कार्यालयात अर्ज दिला. शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. चाव्या आता माझ्याकडे नाहीत. म्हणून लिहिते आहे. आई म्हणून हुकूम करत नाही. उद्या सरावाला जाशील तेव्हा एकदा मान वर करून बघ, बरोबरच्या मुलींनाही बघायला सांग, आणि मग ठरव. तरीही नाचायचंच ठरवलंस, तर मी येणार आहे. खुर्चीवर बसायला नाही. पडदा उघडेल तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी असेन.

तुझीच,
आई