भाव न केल्याबद्दल

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९५९
सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हिरा कोळीण माझ्या दारावरून हाक न मारता गेली. घड्याळ पाहून लिहिते आहे. मी पायरीवर ताटली घेऊन उभी. टोपलीत सरंगे होते, शेपट्या दिसत होत्या. तिने मला पाहिलं, मान वळवली आणि समोर गोदूताईंकडे बोहणी केली! अकरा वर्षं तिची पहिली विक्री माझ्या हातची. गोदूताईंना माशाचे डोळे पाहून घ्यायचे असतात हेसुद्धा माहीत नाही.
जेवायला अंड्याची आमटी. रागात तिखट जास्त पडलं.

बुध. ४
आजही नाही. गो.ताई कुंपणावरून, "तुमचं नि हिराचं बिनसलं का हो, बाई?" आवाजात केवढी काळजी! शेजाऱ्याचं बिनसलं की माणसाला उगाच तरतरी येते.
बिनसायला झालंय काय? उलट, डिसेंबरात हिराच्या नवऱ्याची होडी खडकावर फुटली, तेव्हापासून मी एका शब्दाने घासाघीस केलेली नाही. दोन रुपये म्हणाली की दोन. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली दया शेवटी कुठे तरी वापरायला मिळाली, म्हणून स्वतःवर खूशही होते.

गुरु. ५
न राहवून बंदरावर गेले. हिरा बोंबील वाळत घालत होती.
"अगं, मी अपराध काय केला?"
"तुमी भाव करनं सोडलंत, बाई."
"तुझ्या भल्यासाठीच ना?"
"माज्या भल्याचं मी बघन. दोन सांगायची ती तुमी भांडाल म्हनून. तुमी आपलं डोल्यात पानी आनून दोन काढून दिलेत. मी काय भिकारीन हाय? होडी फुटली, माजं तोंड न्हाय फुटलं!"
बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चाळीस वर्षं वर्ग गप्प बसवले. आज वर्ग माझ्यावरच हसला.

शुक्र. ६
दोन रुपयांवरून सव्वावर येईस्तोवर आमचा पाऊण तास जायचा. त्यात माझे गुडघे, तिची सून, आगरदांड्याच्या लाँचवरची भांडणं, सगळं यायचं. निवृत्तीनंतर या घरात दिवसाचं बोलणं ते तेवढंच. पूर्ण पैसे दिले की ती दोन मिनिटांत जायला लागली, आणि मला ते कळलंही नाही. पैसे जास्त देऊन माणूस दारातून घालवणारी मीच असेन.
गेल्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला, तेव्हा नऊ दिवस हिनेच पेज आणून पाजली. तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. "गिला मुकाट्यानं," म्हणाली. देवा, अशी माणसं मला दिलीस. मी त्यांच्याशी असं...

शनि. ७
चिठ्ठी पाठवली. प्रौढांच्या वर्गात मीच तिला अक्षरं शिकवली आहेत, तेव्हा वाचता येत नाही ही सबब नको. नक्कल ठेवते:

"हिरा, तुझे सरंगे दोन रुपयांचे कधीच नव्हते. ते तेवढ्याला घेतले ही माझी चूक. माफ कर. यापुढे दोन सरंग्यांना एक रुपया देईन, वर काही नाही. मंजूर नसेल तर लेखी कळव, तुझ्या हाताने. तोंडी निरोप चालणार नाही, गोदूताईंमार्फत तर मुळीच नाही. उत्तर सोमवारी दुपारी बाराच्या आत पोचलं पाहिजे. उशीर झाला तर चौदा आणे."