यांजमाआजी रानघोडे बघायला जातात

आदरणीय शागदारदादा,

वसंतातला वारा तुमच्या तंबूचं छप्पर न उडवता निघून गेला ना? जनावरांच्या अंगावर मांस चढू लागलं का? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे ठीक आहोत. जे ठीक नाही ते खाली लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्या भयंकर हिवाळ्यात माझ्या सासूबाईंचा, यांजमाआजींचा, सगळा कळप गोठून मेला आणि त्या आमच्या चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. दोन वर्षं खिडकीशी बसून आहेत. रडल्या नाहीत, काही मागितलं नाही. बोलतात त्या फक्त माझ्या खाऱ्या चहाबद्दल ("यात मीठ घातलंयस, की नुसतं दाखवलंयस?"). शेवटी माझी उरन म्हणाली, आईला ताखी दाखवून आणू या. ज्यांच्या पाठीवर आजवर कुणी बसलेलं नाही असे हे रानघोडे, जगात मोजकेच उरलेले. मी लगेच हो म्हटलं (दिवसभर चहा करावा लागणार नव्हता).

राखीव माळाच्या फाटकाशी मागसर नावाचा राखणदार उभा होता. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "घोडे बघायचेत." आता आपल्या सभ्य माणसांत 'घोडे बघून येतो' म्हणजे लघवीला जाऊन येतो, हे तुम्हाला काय सांगायचं! त्याने अदबीने मागची लाकडी खोपटी दाखवली. त्या गेल्या, पाच मिनिटांनी परत आल्या आणि म्हणाल्या, "जागा स्वच्छ आहे. पण घोडे कुठायत?"

घोडे कुठेच नव्हते. मागसरने नियम सांगितले: दोनशे पावलं लांब राहायचं, शिट्टी मारायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आम्ही तीन तास दुर्बिणीतून गवत पाहिलं. उरन आणि मी कुजबुजत भांडलो (कुजबुजत भांडणं किती दमवतं, एकदा करून बघा). मग मलाच खरोखर 'घोडे बघायची' वेळ आली. मी टेकाडामागे गेलो, पट्टा सोडला आणि मान वर केली, तर बारा पावलांवर ताखीचा वळू घोडा, पाठीमागे त्याच्या घोड्या. दादा, आमची नजरानजर झाली. त्याने पाय आपटला. माझी विजार आपोआप खाली गेली.

"खाली बस रे बलदन!" मागून सासूबाईंचा दबका आवाज आला. "उभा राहून त्याला कुणाचा दरारा दाखवतोयस?"

मी बसलो, होतो त्याच अवस्थेत. घोडा फुरफुरला, त्याने मला निरुपद्रवी ठरवलं आणि आपल्या घोड्या हाकलत दूर गेला. मागसर धापा टाकत आला तो मला झापायला, पण सासूबाईंनी त्याच्या गळ्यातली दुर्बीण ओढून घेतली. "ती शेवटची घोडी. सडांवर चीक जमलाय. उद्यापर्यंत विणार."

"आजी, आमच्या तज्ज्ञांच्या मते अजून महिना आहे."

"मग त्यांना महिनाभर बसू दे. मी उद्यापर्यंत बसते."

त्या बसल्याच. आम्ही मागसरच्या तंबूत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी लांबून शिंगरू दिसलं. चार लटपटत्या काड्यांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. सासूबाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून दोन वर्षांचं सगळं रडून घेतलं. मी दुर्बीण डोळ्यांना लावून शिंगराकडेच बघत राहिलो.

मागसरने त्यांना उन्हाळाभर राहायची विनंती केली. त्या राहिल्या. घरात आता शांतता आहे आणि मी सुखात आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
बलदन

ता.क. सुखात आहे हे खोटं. चहाला कुणी नावं ठेवल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही.

दुसरा ता.क. माळावर फिरायला सासूबाईंना एक शांत घोडा हवाय. दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं, म्हणून मी तुमच्या वतीने तुमचा पांढऱ्या पायाचा शर्यतीचा घोडा देऊन टाकला. तो न्यायला त्या परवाच तुमच्याकडे निघाल्या आहेत, बहुधा पत्राआधी पोचतील. नकार द्यायचा असेल तर त्यांना समोरासमोर द्या. मला कळवू नका.